शिंगवाले आणि बिनशिंगाचे

सातव्या मजल्यावरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये आई स्वयंपाकघराचा ओटा बोटांनी ठोकून बघत होती आणि मी बाल्कनीत उभी होते. आमची अंबरनाथची जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत, आईला आता लिफ्टशिवाय चालत नाही, म्हणून आम्ही मायलेकी बदलापूरला खरवईत घर बघायला आलो होतो. घरात नव्या रंगाचा आणि प्लायवूडचा वास कोंडला होता. तेवढ्यात मागच्या बाजूने वारा फिरला आणि ओलं गवत, चिखल आणि ताजं शेण असा सगळा एकत्र वास सातव्या मजल्यापर्यंत चढून आला. सेल्सवाला लगबगीने पुढे आला आणि त्याने सरकता दरवाजा लावून घेतला.

"सॉरी मॅडम, मागे थोडे तबेले आहेत. पझेशनच्या आधी सगळा क्लीन होणार. टेन्शन नाय."

मी दरवाजा परत उघडला.

लोकांना आपलं तारुण्य मोगऱ्याच्या नाहीतर अत्तराच्या वासाने आठवतं म्हणे. मला माझं शेणाच्या वासाने आठवतं, आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही. खाली जिथे आता या इमारतीचं पार्किंग आहे, तिथे तेव्हा गुरं चरायचा माळ होता. त्या माळावर, श्रावणातल्या उन्हापावसात, दोन प्लास्टिकच्या बादल्या घेऊन एक बाप आणि त्याची मुलगी उकिडवे बसलेले असायचे. बाप म्हणजे माझे बाबा आणि मुलगी अर्थातच मी.

बाबा अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात तपासणी अधिकारी होते. तयार झालेला प्रत्येक लॉट त्यांच्या टेबलावरून जायचा आणि त्यांनी सही केल्याशिवाय एक पिंपसुद्धा गेटबाहेर पडायचं नाही. मग कारखाना बंद झाला. बाबांचे केस तेव्हा धड पिकलेही नव्हते. सकाळी उठून दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि खिडकीत बसायचे. त्यांच्या सहीची गरज आता कोणालाच उरली नव्हती. शिवमंदिराकडे फुलं, बेल घेऊन जाणारी माणसं खिडकीतून दिसायची, त्यांच्याकडे ते बघत राहायचे आणि चहा निवून जायचा. आई मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात म्हणायची, "ह्यांना कशात तरी गुंतव गं."

मी तेव्हा उल्हासनगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचं एम.एस्सी. करत होते. प्रकल्पासाठी किडे जमवायचे होते. फुलपाखरं मैत्रिणींनी आधीच पटकावली होती, चतुर आणि नाकतोडेही गेले, आणि उरले ते शेणातले भुंगे. मी घरी येऊन रडकुंडीला आले. बाबांनी खिडकीतून मान वळवली आणि कितीतरी दिवसांनी एक सरळ प्रश्न विचारला, "शेणात राहतात म्हणजे नेमके कुठे? वर, की खाली?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बादल्या घेऊन खरवईच्या रिक्षात बसलो होतो.

त्यातली रीत अगदी सोपी. बादलीत पाणी घ्यायचं, शेणाचा पो खालच्या मातीसकट उचलून त्यात सोडायचा आणि काठीने हलकेच ढवळायचं. शेण तळाला बसतं आणि भुंगे एकेक करून वर येतात, पाय हलवत, ओले, चकचकीत. पहिला भुंगा वर आला तेव्हा बाबा माळ दणाणून जाईल असं ओरडले, "आला, आला!" समोरच्या गोठ्यातून काशीमावशी धावत आली. तिच्याच म्हशी त्या माळावर चरायच्या.

"काय झाला गो? साप हाय का?"

"नाही मावशी, किडा आहे."

तिने बादलीत डोकावलं, मग बाबांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं. "शेनातला किरा? त्याच्यासाठी अंबरनाथवरून आलाव?" आणि ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. पुढे मात्र आम्ही आलो की तीच लांबून हाका मारायची, "ओ बाबा, हिकरं या, ताजा परलाय!" बाबा लगेच बादली उचलून पळायचे. रंगाचे लॉट तपासणारा माणूस एका म्हशीमागून धावतोय हे दृश्य आठवलं की मला आजही रस्त्यात हसू फुटतं.

परतीच्या रिक्षावाल्यांशी रोज वाद. "साहब, ये बाल्टी में क्या है?" "सँपल है." "कायका सँपल? पूरी गाडी बास मारेगी!" शेवटी बाबांनी एक झाकणाची बादली आणली आणि वर एक मोठं केळीचं पान बांधायला सुरुवात केली. पूजेचं सामान आहे असं समजून मग रिक्षावाले काही बोलेनासे झाले.

घराचा तर पार अवतार झाला. जेवायच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर बाबांनी भंगारवाल्याकडून आणलेली सूक्ष्मदर्शी मांडली. गणपतीच्या मखरासाठी आणलेलं थर्माकोल आईच्या नकळत कापलं गेलं आणि बिस्किटांच्या डब्यांच्या तळाशी बसलं. आत टोचलेल्या भुंग्यांना मुंग्या लागू नयेत म्हणून प्रत्येक डबा पाणी भरलेल्या ताटलीत, लाडवांचा ठेवतात तसा. खरे लाडूही शेजारीच असायचे आणि आमच्याकडे आलेली माणसं डबा उघडायला हात पुढे करायची तेव्हा आई एवढ्या मोठ्याने "नको!" म्हणायची की ती दचकायची. त्या सगळ्याला डांबरगोळ्यांचा वास. अजून कोणाच्या कपाटातून तो वास आला की मला भूक लागते, कारण टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर आम्ही जेवत असू.

भुंगे टोचायला अगदी बारीक टाचण्या लागतात. त्या शोधायला आम्ही उल्हासनगरच्या कॅम्पात गेलो. तिथे जीन्सच्या कारखान्यांना बटणं, चेन, सुया पुरवणारे एक सिंधी काका होते. बाबा एकेक पुडी उघडून टाचणी उजेडात धरायचे आणि मान हलवायचे. "और पतली." काकांनी शेवटी हात टेकले. "साईं, इससे पतली सुई से क्या सिओगे? मच्छर का पैंट?" बाबा इतके हसले की दुकानातल्या स्टुलावर बसावं लागलं. कारखाना बंद झाल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला तिथेच, बटणांच्या पोत्यांमध्ये उभं असताना, उगाच भरून आलं.

किड्याची ओळख पटवण्याची एक पद्धत असते. तिला आम्ही किल्ली म्हणायचो. एका जाड जुन्या ग्रंथाच्या झेरॉक्स पानांवर जोडीजोडीने प्रश्न असतात. डोक्यावर शिंग आहे? असेल तर पुढच्या अमुक प्रश्नाला जा, नसेल तर तमुक. पाठीवर ठिपके? पंखांवरच्या रेघा खोल की उथळ? असं पुढे पुढे जात शेवटी एका नावाशी पोचायचं. बाबांना ते वेड लागलं. शेवटचं नाव जुळलं की ते पेन्सिलीने एक बारीक सही करायचे, लॉट पास केल्यासारखी.

आणि मग वर्णनाचं वेड. नमुन्याचं वर्णन कसं लिहायचं याचा एक ठरलेला थाट असतो: डोकं लांबीपेक्षा रुंद, पाठ मध्यभागी फुगीर, केस विरळ, पिवळसर. बाबा ही भाषा घरभर बोलायला लागले. शेजारच्या देशपांडेकाकांबद्दल म्हणायचे, "डोकं गुळगुळीत, चकचकीत, मागच्या कडेला विरळ रोम. उदर गळ्यापेक्षा पुष्कळ रुंद." सोमवारी शिवमंदिराच्या रांगेत उभे असताना आम्ही दोघं कुजबुजत पुढच्या माणसांची वर्णनं करायचो आणि आई आम्हाला चिमटे काढायची. "देवळात तरी किडे नकोत!"

भाद्रपदात, गवत कमरेएवढं झालं होतं तेव्हा, बाबांना तो सापडला. छोटासा, तांबूस हिरवट झाक असलेली मान आणि डोक्यावर मागे वळलेली दोन शिंगं. त्याच दिवसांत मला माझा सापडला. तोही तेवढाच, पण काळपट तपकिरी, बिनशिंगाचा, साधासुधा. बाबांची सवय कारखान्याची, त्यामुळे माळावरच निवड व्हायची. शिंगवाले एकीकडे, बिनशिंगाचे दुसरीकडे. शिंगवाले त्यांच्या बादलीत, बिनशिंगाचे माझ्या. सरमिसळ झालेली त्यांना खपायची नाही.

बाबांचा भुंगा किल्लीत फिरत फिरत एका प्रश्नापाशी येऊन अडला. तिथे दोन्ही उत्तरं चुकीची होती. माझा वेगळ्याच वाटेने गेला आणि दुसऱ्याच प्रश्नापाशी अडला. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बायो," ते मला बायो म्हणायचे, "याला नावच नाही गं."

कधीच कोणी नाव न दिलेला जीव हातात असणं म्हणजे काय, हे मला त्या संध्याकाळी कळलं. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, हवेत नेहमीसारखा कारखान्यांचा आंबूस वास होता, आणि आमच्या टेबलावर जगाला ठाऊक नसलेले दोन भुंगे बसले होते. एक त्यांचा, एक माझा. आम्ही दोघं मुलांसारखे नाचलो. आईने पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर येऊन विचारलं, "लॉटरी लागली का?"

आम्ही पुण्यातल्या एका सरांना कळवलं. शेणातल्या भुंग्यांचं त्यांच्याएवढं ज्ञान कोणालाच नव्हतं. त्यांनी सांगितलं, आधी वर्णनं लिहा, मग नमुने घेऊन या. मग आम्ही हिवाळाभर लिहीत होतो, बाबा त्यांच्या भुंग्याचं आणि मी माझ्या. नावं मात्र दोघांनी एकमेकांपासून लपवली होती. माझं मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. माझ्या भुंग्याला मी बाबांचं नाव देणार होते. ज्या माणसाची सही आता फक्त विजेच्या बिलाच्या चेकवर होत होती, त्याचं नाव मला छापून आलेलं बघायचं होतं. शास्त्राच्या पुस्तकात, कायमचं. मला दुसरं काही नको होतं.

नवी जात सिद्ध करायला नराचा एक अवयव तपासावा लागतो. पोटाच्या टोकातून तो वाकड्या सुईने अलगद ओढून काढायचा. त्याच्या आकारावरून जात ठरते, तिथे फसवणूक चालत नाही. घरात बाप आणि मुलगी एकाच सूक्ष्मदर्शीवर, आणि स्वयंपाकघरात आई. बाबा त्याला शेवटपर्यंत "तो भाग" एवढंच म्हणाले. "बायो, तो भाग तू बघून ठेव. मी जरा दूध आणतो." घरात दूध असायचंच, तरी ते निघून जायचे.

म्हणून मी एकटीच बसले. माझा पहिला बिनशिंगाचा भुंगा कोमट पाण्यात मऊ केला आणि उघडला. मादी. दुसराही उघडला, तीही मादी. मी एकामागून एक उघडत गेले आणि माझा सगळा डबाच माद्यांचा निघाला. मी बाबांचा डबा पुढे ओढला. तिथे सगळे नर.

शिंगवाला नवरा, बिनशिंगाची बायको. दोन जाती नव्हत्याच, एकच जोडपं होतं. एकाच शेणाच्या गोळ्याखाली दोघांनी मिळून संसार मांडला होता आणि आम्ही त्यांना दोन बादल्यांमध्ये वेगळं करून घरी आणलं होतं.

बाबा दुधाची पिशवी घेऊन आले तेव्हा मी दोन डबे शेजारी शेजारी ठेवले. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मला भीती वाटली की ते आता परत खिडकीत जाऊन बसतील. त्यांच्या खांद्यांना कंप सुटला आणि मग माझ्या लक्षात आलं की ते हसतायत.

"अगं, मी जन्मभर माल तपासला," त्यांना बोलता येईना, "आणि नवरा-बायकोला दोन वेगळे लॉट म्हणून पास केलं!"

फोनवर पुण्याचे सरही खो खो हसले. म्हणाले, आमच्यातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात एकदा तरी हे केलेलं आहे. पण जात नवीनच आहे, दोघांनी मिळून लेख लिहा. "आणि नाव काय ठरवलंय?"

तेव्हा ते बाहेर आलं. मी बाबांचं नाव सांगितलं. बाबांनी माझं सांगितलं. त्यांच्या भुंग्याला ते माझं नाव देणार होते. सर म्हणाले, "नाही जमणार हो. लेख ज्यांनी लिहिला, त्यांनी स्वतःचंच नाव द्यायचं नसतं. नियम नाही, पण रिवाज आहे. लोक नावं ठेवतात."

म्हणजे बाबांचं नाव भुंग्याला द्यायचं तर लेखावरून बाबांना बाजूला व्हावं लागणार. माझं द्यायचं तर मला. झालं, घरात महाभारत पेटलं.

"मी बाजूला होतो," बाबा म्हणाले. "मी काय, हौशी माणूस. तू शिकलेली. भुंग्याला तुझं नाव ठेव आणि लेख सरांबरोबर..."

"अहो, माझं नाव ठेवायचं तर मलाच बाजूला व्हावं लागेल! आणि तुम्ही नाही तर लेखच नाही."

"मग तू बाजूला हो, मी तुझं नाव देतो."

"मुळीच नाही. मी तुमचं देणार."

"हट्टी आहेस."

"कोणाची मुलगी आहे?"

मग बाबांना एक युक्ती सुचली. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "अगं, तुझं नाव दिलं तर? तू काही लेख लिहिलेला नाहीस."

आईच्या हातात लाटणं होतं. "खबरदार! शेणातल्या किड्याला माझं नाव दिलंत तर पुन्हा या घरात पोळी मिळणार नाही."

ती सगळी संक्रांत आम्ही भांडत काढली. तिळाचे लाडू खात भांडलो, शिवमंदिराच्या वाटेवर भांडलो, पायऱ्यांवर चप्पल काढताना भांडलो. मी जितकी हट्टाला पेटत होते तितकी आतून घाबरत होते, कारण बाबा खरंच बाजूला झाले असते. दुसऱ्याला पुढे करून स्वतः मागे सरकायची त्यांना सवयच होती. एका दुपारी पानं वाढून झाली तरी आमचं चालूच होतं. आईने आमटीचा डाव पातेल्यात आपटला.

"तो सापडला कुठे? खरवईला ना? मग खरवईचं नाव द्या आणि जेवायला बसा. आमटी गार होतेय."

आम्ही दोघं पानावर बसलो. गावाचं नाव द्यायचं हे इतकं साधं होतं की आम्हाला सुचलंच नव्हतं. जेवल्यावर मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "उत्तम. आणि मग तुम्हा दोघांची आडनावं आपोआप येतीलच."

"म्हणजे?"

"नवीन जातीचं नाव पूर्ण लिहायचं तर त्याच्यापुढे ज्यांनी वर्णन केलं त्यांची आडनावं लिहितात. जगात कोणीही लिहिलं तरी."

बाबांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ते लिहून पाहिलं, सावकाश, लॅटिन थाटात, त्यांच्या सहीच्या अक्षरात: ऑन्थोफॅगस खरवईएन्सिस, टिपणीस आणि टिपणीस.

"दोनदा का गं?" ते म्हणाले.

"एक तुम्ही, एक मी."

त्यांनी परत वाचलं. मग मोठ्याने वाचलं. मग डोळ्यांत आलेलं पाणी अजिबात न लपवता तिसऱ्यांदा वाचलं, आणि मला जवळ घेऊन म्हणाले, "आता कोणी बाजूला व्हायला नको."

लेख छापून आला. बाबांच्या बादलीतला एक शिंगवाला प्रमाण नमुना म्हणून संग्रहालयात गेला आणि माझी एक बिनशिंगाची त्याच्या शेजारी, एकाच पेटीत. बाबा काशीमावशीला पेढे घेऊन गेले. तिने पेढा खाल्ला आणि विचारलं, "मग आता तो किरा खरवयचा झाला?" बाबा म्हणाले, "खरवईचाच." पुढची कितीतरी वर्षं ते दर श्रावणात तिथे जात राहिले, कधी माझ्याबरोबर, कधी एकटेच, बादलीवर केळीचं पान बांधून. माझं लग्न झालं. माझं आडनाव बदललं, आधी आधार कार्डावर, मग बँकेत, मग दारावरच्या पाटीवर. बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. पण कुठल्याही देशात कोणी त्या भुंग्याबद्दल एक ओळ लिहायला बसलं, की त्याला टिपणीस लिहून परत एकदा टिपणीस लिहावं लागतं. आम्ही दोघं तिथे शेजारी शेजारी बसलेले असतो, बादल्या घेऊन बसायचो तसे.

बाल्कनीत वारा चालूच होता. आई ओटा तपासून बाहेर आली आणि माझ्या बाजूला उभी राहिली. खाली तबेल्यामागे चार म्हशी गवतात तोंड घालून उभ्या होत्या. सेल्सवाला तिला समजावत होता, "आजी, एरिया एकदम डेव्हलप होतोय. आधी इथे काहीच नव्हतं. सगळा रिकामा माळ."

"काहीच नव्हतं कसं?" आई त्याच्याकडे वळली. "सबंध जगात पहिल्यांदा इथे सापडलाय तो. ऑन्थोफॅगस खरवईएन्सिस, टिपणीस आणि टिपणीस."

एक अक्षर अडखळलं नाही. तिला ते पाठ आहे हे मला आजवर ठाऊक नव्हतं. सेल्सवाला गोंधळला.

"टिपणीस कोण, आजी?"

"एक आमचे हे," आई म्हणाली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, "आणि एक ही."